संस्था चालवणारी माणसं

पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. त्याचं श्रेय आपण चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांना देतो. महादेव बल्लाळ नामजोशी हे नाव त्यांच्या जोडीला क्वचितच घेतलं जातं. देणग्या मिळवणं, संस्थानिक आणि सरकारी अधिकारी यांच्याशी संबंध राखणं, अर्जविनंत्या करणं, माणसं जोडणं ही कामं नामजोशींच्या हातची होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. या घाईच्या काळात अशी खटपट करणारा माणूस नसता तर नुसत्या ध्येयावर कॉलेज उभं राहिलं नसतं. लिहिणारा आणि शिकवणारा लोकांच्या लक्षात राहतो. पैसा आणणारा, तो जपणारा आणि कागद सांभाळणारा मागे पडतो. हे प्रकरण त्या मागे पडणाऱ्या माणसाच्या कामाबद्दल आहे, आणि ते काम करिअर म्हणून निवडू पाहणाऱ्यांसाठी आहे.

याच सोसायटीत पगारावरून एक वाद झाला. तो आजच्या प्रत्येक सामाजिक संस्थेला लागू पडतो. आजीव सदस्यांनी वीस वर्षं संस्थेला द्यायची आणि दरमहा पंचाहत्तर रुपये घ्यायचे अशी रीत होती. संसार वाढले, खर्च वाढले, तेव्हा पगार वाढवावा का, बाहेरचं काम करून जास्तीचे पैसे मिळवावेत का, हे प्रश्न आले. टिळकांचं म्हणणं कडक होतं: संस्थेला वाहून घेतलेल्याने बाहेरच्या मिळकतीकडे बघू नये. इतरांना ते पटेना. इतरही मतभेद होतेच, आणि १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. गोपाळ कृष्ण गोखले राहिले; पुढे संस्थेचे चिटणीस झाले, कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव फिरून निधी जमवला आणि १९०२ मध्ये निवृत्त झाले.

या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती, ती मला फार मोलाची वाटते. पंचाहत्तर रुपये पुरेसे आहेत की नाहीत यावर भांडण झालं. पगार घ्यावाच का, असं कुणी विचारलं नाही. पगार ठरलेला होता आणि सगळ्यांना माहीत होता. समाजासाठी काम करणाऱ्याने मोबदला घेणं कमीपणाचं आहे ही समजूत आज इतकी पसरली आहे की संस्थेत काम करतो असं सांगणाऱ्या तरुणाला घरचेच विचारतात, ‘बरं, पण नोकरी काय करतोस?’ ज्यांच्या त्यागाचे दाखले आपण देतो, त्यांनी स्वतः पगाराचा प्रश्न उघडपणे टेबलावर ठेवला होता.

हिंगण्याच्या आश्रमाची हकिगतही इथे सांगायला हवी. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या आणि मोठ्या वयात लिहायला-वाचायला शिकल्या. आश्रमाची व्यवस्था पाहता पाहता त्या वर्गणी गोळा करायला बाहेर पडल्या. अनोळखी गावी जायचं, सभा घ्यायची, विरोधकांचं ऐकून घ्यायचं आणि तरीही झोळी पुढे करायची. १९१८ मध्ये, इंग्रजी धड येत नसताना, त्या अमेरिकेला गेल्या, पोटासाठी तिथे लोकांच्या घरी कामं केली आणि संस्थेसाठी पैसे जमवले. निधी-संकलन हा शब्द रूढ होण्याआधी महाराष्ट्रातल्या एका बाईने ते काम अमेरिकेपर्यंत नेलं होतं.

संस्था चालवण्याचं हे काम आज कितीतरी पसरलं आहे. महाराष्ट्रात संस्था काढणारे बहुतेक जण ती १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवतात. मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी जन्मभराचं नातं जडतं. एखादा विश्वस्त वारला, कुणी राजीनामा दिला, पत्ता बदलला, की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. जमीन किंवा इमारत विकायची तर आधी आयुक्तांची परवानगी. इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्याने द्यायची तरी परवानगी. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत हिशेब तपासून घ्यायचे. हे सगळं ऐकायला रुक्ष वाटतं, पण जुन्या संस्थांच्या दप्तरात डोकावा. वीस-वीस वर्षं चेंज रिपोर्ट दिलेला नाही, कागदोपत्री विश्वस्त म्हणून दिवंगत माणसांची नावं, बँक नव्या कार्यवाहांची सही घ्यायला तयार नाही, आणि खात्यात पैसे असून शाळेचं छप्पर दुरुस्त होत नाही. कुणी पैसे खाल्लेले नसतात. एक अर्ज वेळेवर गेलेला नसतो, एवढंच.

त्यावर आयकर खातं. करातून सूट हवी तर वर्षाच्या उत्पन्नातला निदान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवा. मोठ्या कामासाठी उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त रक्कम साठवायची तर ते रीतसर कळवावं लागतं. देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून प्रत्येक देणगीची माहिती खात्याकडे भरावी लागते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी घेतली तर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. परदेशी पैसा येत असेल तर एफसीआरए कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा प्रथम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो, दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि त्यातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. या एका दुरुस्तीनंतर लहान संस्थांना आपली सगळी कामाची पद्धत बदलावी लागली. ज्यांच्याकडे कायदा वाचून समजून घेणारा माणूस होता त्या सावरल्या.

पैशाचा आणखी एक मोठा प्रवाह सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. निव्वळ संपत्ती, उलाढाल किंवा नफा यांपैकी कोणतीही एक ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. मुंबई आणि पुणे या उद्योगांच्या शहरांमुळे महाराष्ट्रातल्या संस्थांना याचा मोठा आधार झाला. पण कंपनीचं वर्ष मार्चला संपतं आणि पुष्कळदा निर्णय जानेवारी-फेब्रुवारीत होतो. पैसे येतात तेव्हा खर्च करायला आठ आठवडे उरलेले. शाळेत वर्षभर चालवायचा उपक्रम आठ आठवड्यांत कसा उरकणार? इथे कंपनीच्या अधिकाऱ्याशी बसून बहुवर्षीय प्रकल्पाची तरतूद वापरायला लावणारा, हप्ते पाडून घेणारा संस्थेतला माणूस शेकडो मुलांचं वर्ष वाचवतो.

आता या कामाचा गाभा सांगतो. समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवर काम करणारी एक मध्यम संस्था आहे. एका कंपनीने वीस अंगणवाड्यांसाठी पैसे दिले आहेत, मुंबईच्या एका न्यासाने आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी, आणि तिसरा पैसा किशोरवयीन मुलींच्या आरोग्यासाठी आला आहे. माणसं अनुक्रमे दहा, सहा आणि चार. जीप एक, हिशेबनीस एक. हिशेबनिसाचा पगार तीस हजार रुपये. तो कुणाच्या नावे टाकायचा? तिघांपैकी कुणालाही तो ‘कामाचा खर्च’ वाटत नाही. प्रत्येकाला आपले पैसे थेट लाभार्थ्यांपर्यंत जायला हवे असतात. मग संस्था तो पगार कुठेतरी लपवते, किंवा संस्थापक पदरचे घालतात, किंवा हिशेबनीसच काढून टाकतात आणि काम एखाद्या फील्डवरच्या मुलाच्या गळ्यात पडतं.

जाणता प्रशासक असं करत नाही. तो प्रत्येक प्रस्तावातच लिहितो: माणसांच्या प्रमाणात हिशेबनिसाच्या पगारातले पंधरा हजार पहिल्या प्रकल्पाचे, नऊ हजार दुसऱ्याचे, सहा हजार तिसऱ्याचे. जीपची लॉगबुक ठेवतो आणि डिझेल किलोमीटरनुसार वाटतो. कार्यालयाचं भाडं, वीज, ऑडिटची फी यांचंही तसंच. देणगीदाराने विचारलं तर कागद पुढे ठेवतो आणि शांतपणे सांगतो की हिशेबनिसाशिवाय तुमच्या अंगणवाड्यांचा हिशेब तुम्हाला मिळणार नाही. काही देणगीदार नाराज होतात. बरेचसे ऐकतात, कारण स्वतःच्या कंपनीत त्यांनी हेच केलेलं असतं.

याच संस्थेत मार्चमध्ये दुसरा पेच येतो. अंगणवाडी प्रकल्पाचे चार लाख शिल्लक आहेत, मुलींच्या प्रकल्पाचा हप्ता दोन महिने लांबला आहे, चौघींचे पगार थकले आहेत. संस्थापक म्हणतात, ‘पैसे आपल्याच खात्यात आहेत ना? तात्पुरते वापरू, हप्ता आला की परत टाकू.’ हेतू चांगला असतो, पगार थकलेल्या मुलींची घरं त्यावर चालत असतात. तरीही या क्षणी नाही म्हणणं हे प्रशासकाचं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. लांबलेला हप्ता कधी कधी येतच नाही. मग अंगणवाड्यांच्या पैशाचं उपयोगिता प्रमाणपत्र खोटं द्यावं लागतं, आणि एकदा खोटं दिलं की पुढच्या वर्षीचं खरं देणं अशक्य होतं. चांगल्या संस्था बुडतात त्या बहुतेक अशाच, उसनवारीतून. नुसतं नाही म्हणून भागत नाही. मार्चची ही वेळ त्याला डिसेंबरमध्येच दिसायला हवी. कोणत्या महिन्यात किती येणार आणि किती जाणार याचा तक्ता दर महिन्याला मांडणं, आणि अटी नसलेल्या देणग्यांतून चार-सहा महिन्यांचा राखीव निधी हळूहळू जमवणं, हे ज्याने केलं त्याच्या संस्थेतल्या मुलींचे पगार थकत नाहीत.

अटी नसलेला पैसा कुठून येतो? सामान्य माणसांकडून. वाढदिवसाला हजार रुपये देणारे निवृत्त शिक्षक, आईच्या स्मरणार्थ धनादेश पाठवणारी अमेरिकेतली मुलगी, गणेशोत्सवात वृत्तपत्रातला लेख वाचून पैसे पाठवणारे वाचक. रक्कम लहान असते, पण तिच्यावर कंपनीच्या दोन कोटींसारख्या अटी नसतात. या माणसांना आठवड्याच्या आत पावती गेली, वर्षातून एकदा दोन पानांचं पत्र गेलं, नाव बरोबर लिहिलं गेलं, तर ती वर्षानुवर्षं संस्थेबरोबर राहतात. पावती उशिरा पाठवणारी संस्था मला कधीही विश्वासार्ह वाटलेली नाही.

कार्यालय आणि फील्ड यांच्यातला ताण प्रत्येक संस्थेत असतो. कार्यकर्ता काळी-पिवळीने तीन पाडे फिरून येतो. तिकीट मिळत नाही. आठवडी बाजारात बैठकीसाठी भाजी घेतली, विकणाऱ्या बाईकडे बिल कुठलं असणार? कार्यालयातला माणूस ‘बिल नाही तर पैसे नाहीत’ म्हणाला की कार्यकर्ता एक तर स्वतःच्या खिशातून भरतो, नाहीतर तालुक्याच्या दुकानातून कोरं बिल आणतो. दुसरी गोष्ट घडली की दोष नियम करणाऱ्याचा. ठरावीक रकमेपर्यंत कार्यकर्त्याच्या सहीचं व्हाउचर चालेल, त्यावर गाव, तारीख आणि कारण हवं, पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, असा लेखी नियम विश्वस्तांच्या बैठकीत मंजूर करून घेता येतो. ऑडिटरही तो मान्य करतात. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्या वर्षात निदान काही दिवस फील्डवर काढावेत. पाड्यावर चालत गेलेला हिशेबनीस वेगळे नियम करतो.

आणि माणसांचं काय? दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. संस्था आहे म्हणून यातून सूट नाही. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ या वाक्याखाली नेमणूकपत्र न देणं, रजेचे नियम नसणं, बाळंतपणात पगार तोडणं हे प्रकार सर्रास चालतात. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेत स्वतःच्या कामगाराला हक्क नसणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवायची जागा प्रशासकाची खुर्ची आहे.

संस्थापकाशी नातं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग. आपल्याकडे संस्था माणसाच्या नावाने ओळखल्या जातात. त्यात गैर काही नाही. एखाद्या माणसाच्या जिद्दीशिवाय दुर्गम भागात दवाखाना निघत नाही. प्रश्न पुढचा असतो. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी उभ्या केलेल्या, १९६७ मध्ये नोंदलेल्या ‘बायफ’ या संस्थेचं उदाहरण इथे अभ्यासण्यासारखं आहे. १९४६ मध्ये महात्मा गांधींबरोबर मणिभाई उरुळीला आले आणि तिथेच राहिले. गोपैदाशीतून सुरू झालेलं काम अनेक राज्यांत पसरलं. १९९३ मध्ये मणिभाई गेले, तेव्हा संस्थेत अनेक वर्षं काम केलेले डॉ. नारायण हेगडे यांनी धुरा घेतली आणि काम वाढतच राहिलं. पशुवैद्यक, शेतीतज्ज्ञ, हिशेब आणि प्रशासन पाहणारे लोक अशी पगारी, शिकलेली फळी मणिभाईंनी आपल्या हयातीतच तयार केली होती. ज्या संस्थापकाला चेकवर दुसऱ्याची सही चालत नाही, त्याच्या संस्थेत कितीही हुशार प्रशासक टिकत नाही. अशा ठिकाणी तरुणाने दोन वर्षं शिकून घ्यावं आणि पुढे जावं.

या क्षेत्रात यायचं कसं? वाटा अनेक आहेत. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवते. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. ग्रामीण व्यवस्थापनासाठी आणंदची ‘इर्मा’ आहे. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठही आहे. पण माझं ठाम मत असं की पदवीपेक्षा तीन कौशल्यं जास्त दरवाजे उघडतात: ताळेबंद वाचता येणं, स्वच्छ मराठीत आणि कामचलाऊ इंग्रजीत अहवाल लिहिता येणं, आणि बैठकीचं इतिवृत्त नेमकं ठेवता येणं. टॅली येणारा, जिल्ह्याच्या ठिकाणचा बीकॉम झालेला मुलगा किंवा मुलगी या संस्थांना शोधून सापडत नाही. बँकेतून निवृत्त झालेल्यांनी तर अनेक संस्थांचे हिशेब मार्गी लावले आहेत; त्यांचा अनुभव इथे लगेच उपयोगी पडतो.

सुरुवात मध्यम आकाराच्या संस्थेत करावी. मोठ्या संस्थेत एकच कप्पा मिळतो, वित्त किंवा मनुष्यबळ किंवा मूल्यमापन. अगदी लहान संस्थेत शिकवणारं कुणी नसतं. वीस-तीस माणसांच्या संस्थेत पाच वर्षांत प्रस्ताव, हिशेब, ऑडिट, भरती, विश्वस्तांची बैठक हे सगळं हातून जातं. त्यानंतर रस्ते फुटतात: संस्थेची मुख्य व्यवस्थापकीय जबाबदारी, कंपनीच्या सीएसआर विभागातली नोकरी, किंवा पाच-सहा लहान संस्थांचं प्रशासन एकत्र सांभाळणारी स्वतःची सेवा. या शेवटच्या कामाची तालुक्या-तालुक्यांत गरज आहे आणि ते करणारे फार थोडे आहेत.

पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कंपनीतल्या समान कामापेक्षा इथे पगार कमी मिळतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांत तो बरा असतो, तालुक्याच्या ठिकाणी तुटपुंजा. ज्यावर घर चालणार नाही असा पगार त्यागाच्या नावाखाली स्वीकारू नका. तीन वर्षांत थकाल, आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही तोच पगार दिला जाईल. कमी पगाराच्या बदल्यात इथे जे मिळतं ते थोडं नाही. पस्तिशीच्या आत एखाद्या संस्थेचं पूर्ण अंदाजपत्रक तुमच्या हातात असतं, आणि ते चुकलं तर कोणाचा दवाखाना बंद पडेल हे तुम्हाला नावानिशी माहीत असतं. इतकी जबाबदारी इतक्या लवकर फार थोड्या नोकऱ्या देतात.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशेब बघायला मागा. शेवटचा चेंज रिपोर्ट कधी दिला, ते विचारा. किती महिन्यांचा राखीव निधी आहे, किती माणसांना नेमणूकपत्र आहे, विश्वस्तांची बैठक वर्षातून किती वेळा होते आणि शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे, हे विचारा. हिशेब दाखवायला कां कूं करणाऱ्या संस्थेत काम घेऊ नका, ती कितीही नावाजलेली असो. आणि जी संस्था म्हणेल, ‘आमच्याकडे हे सगळं विस्कळीत आहे, आम्हाला ते लावून देणारं कुणीतरी हवं आहे,’ तिथे पगार नीट ठरवून, नेमणूकपत्र घेऊन, रुजू व्हा.